घरच्या घरीं इंजिनाची निगा व दुरुस्ती

चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांतील धानकऱ्याचें इंजिन वर्षांतील बहुतेक महिने कोठ्यांत उभें असतें. परंतु ज्या थोड्या दिवसांत त्याची गरज पडते, त्या दिवसांत त्याच्यावांचून गत्यंतर नसतें. पऱ्हे तयार होऊन रोवणी तोंडावर आली असतां पाऊस दडी मारतो, अथवा धान गर्भांत असतांना बांधीला भेगा पडूं लागतात. बोडींत किंवा नाल्यांत पाणी डोळ्यांना दिसत आहे, पण तें उचलून बांधींत घालणारें यंत्र मुकें होऊन बसलें आहे, अशी अवस्था आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. लोंबी बाहेर पडण्याच्या सुमारास धानाला पाण्याचा ताण बसला तर दाणे भरत नाहींत, पोचट राहतात. आणि मागाहून कितीही पाणी दिलें तरी तें नुकसान भरून निघत नाहीं. म्हणजे इंजिन चार दिवस बंद राहिलें याचा अर्थ चार दिवसांचें काम राहिलें एवढाच नसून, कित्येकदां वर्षाचें पीक गेलें असा होतो.

अशा वेळीं मिस्त्री बोलवावा तर तो तालुक्याच्या गांवीं असतो, आणि त्याच आठवड्यांत पन्नास ठिकाणांहून त्याला बोलावणीं आलेलीं असतात. मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, आरमोरी अशा बाजारपेठांजवळच्या गांवांची कशीतरी सोय लागते. पण एटापल्ली, धानोरा, सिरोंचा या बाजूच्या दूरच्या खेड्यांनीं काय करावें? भामरागडास तर पर्लकोटा नदीला पूर आला कीं रस्ताच बंद होतो. म्हणून इंजिनाची रोजची निगा आणि साधे दोष ओळखून दूर करण्याची विद्या प्रत्येक शेतकऱ्याच्या घरांत एकाला तरी यावयास हवी, असें आमचें मत आहे. ही विद्या कठीण नाहीं. आमचें सारें आयुष्य महसूल खात्याच्या दप्तरांत गेलें. कारखान्याचें शिक्षण आम्हांला मिळालें नाहीं. तरीही पुढें लिहिलेलीं सर्व कामें आमच्या घरीं आम्ही हातानें करतों. जेथें हात घालूं नये, तेंही शेवटीं सांगितलें आहे.

इंजिन कसें चालतें

आपल्या भागांत पंपावर व पॉवर टिलरवर जें एका सिलिंडरचें इंजिन असतें, तें बहुधा डिझेलवर चालणारें असतें. जर्मनींतील रुडॉल्फ डिझेल या अभियंत्यानें असें पहिलें यशस्वी इंजिन १८९७ मध्यें सिद्ध केलें, म्हणून त्याचें नांव यंत्रालाही मिळालें आणि तेलालाही. महाराष्ट्राला हा विषय परका नाहीं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० मध्यें किर्लोस्करवाडी वसवून लोखंडी नांगराचा कारखाना चालविला, व पुढें १९४६ मध्यें पुण्यास किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी निघाली. इंग्लंडमधील लिस्टर कंपनीच्या मंदगति इंजिनाच्या धर्तीवर राजकोटकडील कारखान्यांनीं केलेलीं जाड चाकांचीं इंजिनेंही खेडोपाडीं पोंचलीं. मंदगति लिस्टर मिनिटास सुमारें ६५० फेरे घेतें, तर पांच अश्वशक्तीचें नेहमींचें शेती-इंजिन सुमारें १५०० फेरे घेतें. वेग निराळा असला तरी तत्त्व एकच आहे.

पिस्टन खालीं जातांना हवा आंत ओढतो. वर येतांना तीच हवा दाबून मूळ जागेच्या सुमारें सोळाव्या हिश्शांत कोंडतो. इतक्या दाबानें हवा एवढी तापते कीं त्या क्षणीं नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा आंत सोडला म्हणजे तो आपोआप पेट घेतो. त्या भडक्यानें पिस्टन खालीं ढकलला जातो, व पुन्हां वर येतांना जळका धूर बाहेर टाकतो. येथें ठिणगीची गरज नाहीं. गरज आहे ती तीन गोष्टींची: स्वच्छ हवा, पुरेसा दाब, आणि योग्य वेळीं बारीक फवाऱ्यानें येणारें स्वच्छ डिझेल. इंजिन चालूं होत नसेल तर या तिहींपैकीं एकाचा तरी अभाव आहे हें निश्चित समजावें. दोष शोधणें म्हणजे या तीन साक्षीदारांची एकामागून एक तपासणी करणें होय. एकदम सर्व नट सोडून बसणारा मनुष्य दोष शोधीत नसतो, नवे दोष उत्पन्न करीत असतो.

रोजची निगा

इंजिन चालूं करण्यापूर्वीं तें सपाट जागीं आहे असें पाहून तेलाची कांडी काढावी, फडक्यानें पुसावी, पुन्हां घालून काढावी व पातळी दोन खुणांच्या मध्यें आहे कीं नाहीं हें बघावें. खालच्या खुणेखालीं तेल गेलें असतां इंजिन चालविणें म्हणजे बैलाला पाणी न पाजतां दिवसभर नांगराला जुंपणें आहे. फरक इतकाच कीं बैल आधीं सुचवितो, इंजिन एकदम अडकतें. वरच्या खुणेच्या वर तेल भरणेंही घातकच. तेल बोटावर घेऊन पाहावें. तें दुधट दिसलें तर आंत पाणी शिरलें आहे. पातळ होऊन डिझेलचा वास मारीत असेल, किंवा आपण न घालतां पातळी वाढली असेल, तर डिझेल आंत झिरपत आहे. दोन्ही स्थितींत इंजिन चालवूं नये, तेल बदलून कारण शोधावें. तेल किती तासांनीं बदलावयाचें हें यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेंत दिलेलें असतें. नव्या इंजिनाचें पहिलें तेल मात्र लवकर बदलावें लागतें, कारण नवीन भाग एकमेकांवर घांसून जो लोखंडाचा कीस पडतो तो त्यांत असतो. तेल इंजिन गरम असतांना सोडावें, म्हणजे गाळ तेलाबरोबर निघून येतो.

हवेच्या फिल्टरकडे आमच्या भागांत सर्वांत अधिक दुर्लक्ष होतें. धानाच्या मळणीचा भुसा आणि उन्हाळ्यांतील धूळ यांत वाळूचे सूक्ष्म कण असतात. ते आंत गेले कीं सिलिंडर व रिंगा कानस लावल्याप्रमाणें झिजतात. फिल्टरच्या तळाशीं तेलाची वाटी असेल तर ती आठवड्यांतून एकदां, व मळणीच्या दिवसांत रोज, रिकामी करून धुवावी आणि खुणेपर्यंत नवें तेल घालावें. कागदी फिल्टर असेल तर तो धुवूं नये. हलक्या हातानें झाडावा, आणि भोंक पडलें असल्यास टाकून द्यावा.

डिझेल नेहमीं गाळणीच्या नरसाळ्यानेंच टाकींत घालावें. संध्याकाळीं काम संपल्यावर टाकी भरून ठेवावी. अर्धी रिकामी टाकी ठेवल्यास रात्रीच्या गारव्यानें आंतील हवेंतील बाफेचें पाणी होऊन तळाशीं सांचतें. हें पाणी व गाळ ठराविक दिवसांनीं टाकीच्या तळच्या बुचांतून काढून टाकावा. पूर्वीं शिधापत्रिकेवरचें रॉकेल डिझेलांत मिसळण्याची खोड कित्येकांना होती. डिझेल हेंच इंधन-पंपाचें व नोझलचें वंगण असल्यामुळें रॉकेलच्या भेसळीनें ते भाग लवकर झिजतात. मोहाच्या किंवा करंजाच्या बियांचें कच्चें तेल घालून पाहण्याचा मोहही टाळावा. १९०० मध्यें पॅरिसच्या प्रदर्शनांत एक डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविलें होतें हें खरें. परंतु कच्चें तेल दाट असल्यामुळें त्याचा फवारा नीट होत नाहीं, आणि नोझलवर व रिंगांत काजळीचा थर बसतो. प्रदर्शनांत दोन घटका चालणें निराळें आणि हंगामभर पाणी ओढणें निराळें.

चालूं होत नसल्यास

प्रथम साध्या गोष्टी पाहाव्या. टाकींत डिझेल आहे काय? तोटी उघडी आहे काय? बंद करण्याची दांडी चालूं स्थितींत आणली आहे काय? टाकीच्या झांकणाला हवेसाठीं एक बारीक छिद्र असतें. तें मातीनें बुजलें तर टाकींत पोकळी होऊन डिझेल खालीं उतरत नाहीं. इंजिन चालूं होऊन दहा-पंधरा मिनिटांनीं आपोआप बंद पडतें, थोडा वेळ थांबून पुन्हां चालतें, असा प्रकार असेल तर आधीं हेंच छिद्र पाहावें. आमच्या परिचयाच्या एका शेतकऱ्याच्या इंजिनाला हा दोष होता, आणि एका मिस्त्र्यानें त्याला नवें नोझल विकत घ्यावयास लाविलें होतें. झांकण सैल करून इंजिन चालविलें असतां तें संध्याकाळपर्यंत थांबलें नाहीं.

डिझेल येत आहे पण इंजिन पेट घेत नाहीं, तर नळींत हवा अडकली असण्याचा संभव फार. टाकी पूर्ण रिकामी झाल्यावर किंवा फिल्टर बदलल्यावर हें हटकून होतें. हवा काढण्याचा क्रम असा: तोटी उघडावी. फिल्टरवरचा हवेचा स्क्रू दोन फेरे सैल करावा. आधीं बुडबुडे व मग सलग डिझेल येऊं लागलें कीं तो आवळावा. नंतर इंधन-पंपावरचा स्क्रू त्याच रीतीनें. शेवटीं नोझलकडे जाणाऱ्या जाड नळीचा नट नोझलच्या बाजूनें सैल करून, दाब सोडणारी खिट्टी उचलून, हॅण्डल फिरवावें. डिझेल थेंबाथेंबानें उसळूं लागलें कीं नट आवळावा. यानंतर हॅण्डल फिरवितांना नोझलमधून प्रत्येक दोन फेऱ्यांत एकदां कर्र असा स्पष्ट आवाज आला तर इंधनाची बाजू बहुधा ठीक समजावी. स्क्रूंच्या खालच्या तांब्याच्या वाशरी हरवूं देऊं नयेत. वाशर चिरली असेल तर तेथूनच पुन्हां हवा शिरते.

इंधन ठीक असेल तर दाब पाहावा. बंद करण्याची दांडी ओढून इंधन तोडावें, खिट्टी खालीं ठेवावी व हॅण्डल सावकाश फिरवावें. दोन फेऱ्यांत एकदां हाताला चांगलाच अडसर लागला पाहिजे व चाक किंचित मागें उसळलें पाहिजे. अडसर लागत नसेल तर व्हॉल्व्ह उघडा अडकला आहे, व्हॉल्व्हच्या दांडीस व त्यावरील हातोडीस फट उरलेली नाहीं, हेडचें गॅस्केट फुटलें आहे, किंवा रिंगा झिजल्या आहेत. यांतील भेद ओळखण्याची युक्ति अशी कीं, हवेच्या वाटेनें एकच चमचा इंजिनचें तेल आंत सोडून हातानें चार-पांच फेरे द्यावे. अडसर वाढला तर रिंगा झिजल्या. वाढला नाहीं तर दोष व्हॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा. चमच्याहून अधिक तेल मात्र घालूं नये. पातळ पदार्थ दाबला जात नसल्यामुळें पिस्टनची दांडी वांकण्याचें भय असतें. व्हॉल्व्हची फट इंजिन थंड असतांना, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतांना, जाडी मोजण्याच्या पट्टीनें पुस्तिकेंतील मापाप्रमाणें ठेवावी. अंदाजानें ठेवूं नये.

धुराची भाषा

चालूं इंजिनाचा धूर हा त्याच्या प्रकृतीचा दाखला होय. निरोगी इंजिनाचा धूर भार असतांनाही फिकट असतो. धूर काळा येत असेल तर डिझेल अधिक व हवा कमी असा अर्थ. हवेचा फिल्टर तुंबला आहे, नोझलचा फवारा बिघडला आहे, किंवा यंत्रावर झेपेल त्याहून अधिक भार टाकला आहे. निळसर धूर म्हणजे इंजिनचें तेल जळत आहे. तेल अधिक भरलें आहे काय हें आधीं पाहावें, नसेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्हच्या वाटा झिजल्या आहेत. पांढरा धूर थंड सकाळीं पहिलीं कांहीं मिनिटें आला तर चिंता नको. इंजिन तापल्यावरही तो राहिला तर डिझेलमध्यें पाणी आहे, दाब कमी आहे, अथवा गॅस्केटमधून पाणी सिलिंडरांत शिरत आहे.

इंजिन कमीजास्त वेगानें झोके घेत चालत असेल तर वेग राखणाऱ्या गव्हर्नरची दांडी कोठें अडकते काय, व नळींत हवा आहे काय, हें पाहावें. फार तापत असेल तर पाण्याची वाट पाहावी. नाल्याच्या गढूळ पाण्यानें आंतल्या पोकळींत चिखल सांचतो, आणि विहिरीच्या क्षारयुक्त पाण्यानें थर चढतो. दोन्हींनीं उष्णता बाहेर पडत नाहीं. हवेनें थंड होणाऱ्या इंजिनाच्या पंखांत भुसा व तेलाचा चिकटा भरतो, तो खरडून काढावा. मात्र तापलेल्या इंजिनावर थंड पाणी कधींही ओतूं नये. हेडला तडा जातो. भार काढून, सावकाश चालवून, मग बंद करावें व आपोआप निवूं द्यावें.

इंजिन चालतें पण पाणी येत नाहीं

ही तक्रार इंजिनाची नसून पंपाची असते, तरीही दोष इंजिनावर जातो. पंप पाणी ओढतो म्हणजे आपल्या नळींत पोकळी करतो व बाहेरील हवेचा दाब पाणी वर लोटतो. हा दाब फार तर दहा मीटरच्या सुमारास पाणी चढवूं शकतो, आणि घर्षण वजा जातां व्यवहारांत सहा-सात मीटरहून अधिक ओढीचा भरवसा धरूं नये. उन्हाळ्यांत बोडीचें पाणी खालीं गेलें कीं पंप पाणी सोडतो तो याच कारणानें. तेथें मोठें इंजिन आणून उपयोग नाहीं, पंपच पाण्याजवळ नेला पाहिजे. ओढीच्या नळीचा सांधा सैल असेल तर तेथून पाणी गळत नाहीं, उलट हवा आंत जाते, म्हणून तो दोष दिसत नाहीं. सांध्यांना चिखल थापून पाहावा. चिखल आंत ओढला गेला तर तेंच छिद्र. फूटव्हॉल्व्हमध्यें काडी किंवा शंख अडकला तर पंपांत भरलेलें पाणी टिकत नाहीं. नळी भरून पाऊण घटका तशीच ठेवावी, पाणी उतरलें तर फूटव्हॉल्व्ह काढून साफ करावा.

पॉवर टिलरविषयीं

चिखलणीसाठीं बैलांच्या जागीं आतां पॉवर टिलर पुष्कळ बांधींतून दिसूं लागला आहे. इंजिनाची निगा वर सांगितल्याप्रमाणेंच. पण हें यंत्र गुडघाभर चिखलांत चालतें, म्हणून त्याच्या ऑईल सीलकडे विशेष पाहिलें पाहिजे. चाकांच्या व रोटाव्हेटरच्या आंसाला जेथें सील असतें तेथें गवत व दोरीचे तुकडे गुंडाळले जातात आणि सील कापतात. रोज संध्याकाळीं ते सोडवावे, यंत्र निवल्यावर धुवावें, आणि गिअरपेटींतील तेल पाहावें. तें दुधट झालें असेल तर त्याच दिवशीं बदलावें. चिखल मिसळलेलें तेल दांत्यांना खातें. पट्टा मध्यभागीं अंगठ्यानें दाबला असतां एक-दोन सेंटिमीटर दबावा. अधिक सैल पट्टा घसरून जळतो, अधिक ताठ पट्टा बेअरिंग झिजवितो. दोन-तीन पट्टे असतील तर सगळे एकदम बदलावे.

या यंत्राच्या दोन गोष्टी जिवावर बेतणाऱ्या आहेत. पहिली, मागें घेतांना रोटाव्हेटर बंद केलाच पाहिजे. मागें झाड, भिंत किंवा बांध असेल तर चालक मूठ व भिंत यांच्यामध्यें चेपला जातो आणि फिरणारीं पातीं पायांवर येतात. दुसरी, उतारावर वळण्याचा नियम उलटतो. सपाटीवर डाव्या बाजूची वळणाची मूठ दाबली असतां यंत्र डावीकडे वळतें. पण उतारावर यंत्र आपल्या वजनानें खालीं लोटत असल्यामुळें मोकळें झालेलें डावें चाक अधिक वेगानें धांवतें व यंत्र उजवीकडे जातें. मोठ्या पाळीवरून ट्रॉली उतरवितांना ही मूठ न वापरतां हळू गिअरमध्यें हातानेंच वळवावें.

पेट्रोलचीं लहान यंत्रें

निंदणीचें यंत्र, गवत कापण्याचें यंत्र व फवारणीपंप यांना पेट्रोल व ठिणगी लागते. यांत चार गोष्टी पाहाव्या: पेट्रोल, प्लग, हवा व कार्ब्युरेटर. प्लग काढून पाहिला असतां तो ओला असेल तर पेट्रोल येतें पण ठिणगी नाहीं किंवा पेट्रोल अधिक झालें. कोरडा असेल तर पेट्रोलच येत नाहीं. काळ्या काजळीनें भरला असेल तर साफ करावा. ज्या यंत्राला पेट्रोलमध्यें तेल मिसळावें लागतें, त्याचें प्रमाण पुस्तिकेप्रमाणेंच मोजून घ्यावें. २०२५ पासून आपल्या देशांत पेट्रोलमध्यें सुमारें २० टक्के इथेनॉल मिसळलेलें असतें. इथेनॉल हवेंतील पाणी शोषून घेतें, व पाणी फार झालें तर पेट्रोलपासून निराळें होऊन तळाशीं बसतें. म्हणून जुनें पेट्रोल वापरूं नये, आणि हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करून, कार्ब्युरेटरमधील पेट्रोल संपून यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालवावें.

हंगामानंतर

उभ्या इंजिनाला चालत्या इंजिनाहून अधिक शत्रु असतात. ठेवण्यापूर्वीं जुनें तेल काढून नवें भरावें. जुन्या तेलांतील आम्ल धातु खातें. पाणी पूर्णपणें सोडावें. डिझेलची टाकी भरावी. महिन्यांतून एकदां खिट्टी उचलून हातानें दहा-वीस फेरे द्यावे, म्हणजे रिंगा चिकटत नाहींत. धुराड्याच्या तोंडावर डबा पालथा घालावा व हवेची वाट फडक्यानें बांधावी. नाहींतर कुंभारीण माशी मातीचें घर बांधते, उंदीर पंख्याच्या झांकणांत चिंध्या भरतात. हंगामाच्या आधीं पंधरा दिवस इंजिन एकदां चालवून पाहावें. दोष निघालाच तर त्या वेळीं मिस्त्रीही मोकळा असतो व सुटे भागही मिळतात.

जिवाची काळजी

डिझेल व पेट्रोलच्या धुरांत कार्बन मोनॉक्साईड हा वायु असतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. विहिरींत खालीं कठड्यावर इंजिन बसवून चालविल्यास, किंवा दारें बंद केलेल्या खोलींत चालविल्यास, मनुष्य बेशुद्ध होऊन मरतो, आणि त्याला काढण्यासाठीं उतरणाराही मरतो. विहिरींत खालीं इंजिन चालवूं नये हा नियम मानावा. कोणी पडलाच तर आधीं इंजिन बंद करून विहिरींत हवा खेळवावी, आणि दोर बांधल्याशिवाय व वर चार माणसें असल्याशिवाय कोणी उतरूं नये.

हॅण्डल मारतांना अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा. मुठीनें आवळून धरल्यास इंजिन उलटें फिरतांना मनगट मोडतें. पट्ट्याजवळ सोगा, उपरणें किंवा पदर मोकळा नसावा. नोझल बाहेर काढून फवारा पाहतांना बोट पुढें धरूं नये. तो फवारा कातडी भेदून मांसांत शिरतो, जखम सुईएवढी दिसली तरी तत्काळ दवाखान्यांत जावें. क्वचित् इंजिन बेभान होऊन वाढत्या वेगानें धांवूं लागतें. अशा वेळीं बाजूला उभें राहून इंधन तोडावें, आणि तरीही न थांबल्यास हवेच्या वाटेवर फळी किंवा जाड ओलें पोतें दाबून हवा बंद करावी. उघडा हात लावूं नये.

आणखी एक गोष्ट आपल्या भागापुरती. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, सावली, मूल या पट्ट्यांत वाघाचा वावर शेतापर्यंत आहे. रात्रीं नाल्याकांठीं इंजिन बंद पडलें तर तेथें वांकून, कंदिलाच्या उजेडांत दुरुस्ती करीत बसूं नये. इंजिन तसेंच सोडावें, सोबतीनें घरीं यावें, आणि सकाळीं उजाडल्यावर जावें. एका रात्रीचें पाणी गेलें तर तें दुसऱ्या दिवशीं देतां येईल.

कोठें हात घालूं नये, आणि एक वही

इंधन-पंपाचा आंतला दट्ट्या व त्याची नळी ही जोडी एकमेकांसाठींच घांसून बसविलेली असते. ती घरीं उघडूं नये. नोझलचा दाब बसविणें, सिलिंडर आंतून कातणें, मुख्य बेअरिंगें बदलणें हीं कामेंही योग्य साधनें असलेल्या मिस्त्र्याचींच. घरीं एक पेटी असावी: पान्यांचा संच, पेचकस, पक्कड, जाडी मोजण्याची पट्टी, गाळणीचें नरसाळें, स्वच्छ सुती फडकें, एक जादा डिझेल फिल्टर, एक पट्टा व थोड्या तांब्याच्या वाशरी.

आणि एक वही असावी. तींत तारीख, इंजिन चाललेले तास, घातलेलें डिझेल, घातलेलें किंवा बदललेलें तेल, आढळलेला दोष, केलेली दुरुस्ती व खर्च, असे सात रकाने आंखावे. पांच अश्वशक्तीचें इंजिन पूर्ण भारावर तासाला सुमारें एक लिटर डिझेल घेतें. वहींत तो आंकडा सव्वा लिटरवर गेलेला दिसला, तर इंजिन बंद पडण्यापूर्वींच त्यानें आपला दोष कळविला असें समजावें. हंगामांत २०० तास काम होत असेल तर पाव लिटरच्या फरकानें ५० लिटर डिझेल व्यर्थ जातें. ज्या शेताची पाहणी झाली नाहीं त्याच्या उताऱ्यावर जसा विश्वास ठेवतां येत नाहीं, तसेंच ज्या इंजिनाची नोंद नाहीं त्याच्यावर आयत्या वेळीं भरवसा ठेवतां येत नाहीं. वही सुरूं करण्यास हंगामाची वाट पाहण्याचें कारण नाहीं. पहिली नोंद आज इंजिन ज्या स्थितींत कोठ्यांत उभें आहे त्या स्थितीचीच करावी.